भरती करायचे की घरी पाठवायचे? कॅज्युअल्टीतला निर्णय कसा होतो

कॅज्युअल्टीत आलेला रुग्ण तिथून पुढे पाचांपैकी एका वाटेने जातो: आयसीयूत, वॉर्डात, काही तासांसाठी निरीक्षणाच्या खाटेवर, दुसऱ्या रुग्णालयात किंवा घरी. ठाणे आणि नवी मुंबईत कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या करताना ही वाट ठरण्याची वेळ मी असंख्य वेळा अनुभवली आहे, आणि नातेवाईकांच्या मनातले दोन संशयही तितक्याच वेळा ऐकले आहेत. भरती करा म्हटले की बिल वाढवायचे आहे असे वाटते आणि घरी न्या म्हटले की टाळत आहेत असे वाटते. निर्णय कसा होतो हे आधी ठाऊक असेल तर हे संशय बरेचसे कमी होतात, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना त्या निर्णयात योग्य वेळी योग्य माहिती घालता येते.

हा निर्णय तीन प्रश्नांवर उभा असतो. येत्या चोवीस तासांत या रुग्णाचे काय बिघडू शकते? बिघडले तर ते कोणाच्या आणि किती लवकर लक्षात येईल? लक्षात आल्यावर उपचारापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर शोधतात. उरलेल्या दोहोंचे उत्तर घरच्यांकडे असते, आणि गर्दीच्या रात्री ते कोणी विचारले नाही म्हणून सांगायचेच राहून जाते.

निघण्यापूर्वी: पिशवीत काय घ्यावे

फाइल सापडली नाही तरी चालेल, पण चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात. "बीपीची एक पांढरी गोळी आहे" या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. पट्टीवरच्या नावावरून मात्र रक्त पातळ होण्याचे औषध चालू आहे का, साखरेची कोणती गोळी आहे, हे एका नजरेत समजते. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला आणि रुग्णाला शेवटचे पूर्ण ठीक कोणी, कधी पाहिले, हे घरातल्यांनी आपसांत ठरवून एकानेच सांगावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे रुग्ण शेवटचा ठीक दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे "रात्री दहाला बोलत होते, पहाटे पाचला उठले तेव्हा हात उचलेना" यातला दहाचा आकडा पाचच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो.

रुग्ण बेशुद्ध असेल, धाप लागलेली असेल किंवा छातीत दुखत असेल तर रिक्षा शोधत बसण्यापेक्षा १०८ क्रमांकावर फोन करावा. ती रुग्णवाहिका मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर व ऑक्सिजन असतो.

पहिली पायरी: क्रम कसा लागतो

आत शिरताच नर्स किंवा निवासी डॉक्टर नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ताप, ऑक्सिजनचे प्रमाण, शुद्धी आणि बहुधा बोटातून साखर तपासतात. यालाच ट्राएज म्हणतात आणि त्यावरून रुग्ण लाल, पिवळ्या किंवा हिरव्या गटात जातो. आधी आलेल्याला आधी पाहायचे हा ओपीडीचा नियम इथे लागू नसतो. आपल्या नंतर आलेल्या माणसाला आधी आत घेतले तर तो आपल्यापेक्षा अधिक धोक्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या सगळ्या आकड्यांत नातेवाईकांना सर्वांत कमी वाटणारा, पण डॉक्टरांना सर्वांत बोलका वाटणारा आकडा म्हणजे श्वासाचा वेग. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतो. तो तिसाच्या वर गेला असेल तर रक्तदाब आणि ऑक्सिजन ठीक दिसत असले तरी डॉक्टर त्या रुग्णाला सहसा घरी पाठवत नाहीत. घरी थांबलेल्या माणसानेही पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून श्वास मोजायला शिकून ठेवावे.

पैसे भरले नाहीत किंवा पोलीस आले नाहीत म्हणून जीव वाचवण्याचे पहिले उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केले आहे आणि सरकारी व खाजगी दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांना ते लागू आहे.

दुसरी पायरी: उपचार आधी, निर्णय नंतर

बऱ्याच आजारांत उपचाराला मिळणारा प्रतिसाद हीच तपासणी असते. दम्याचा झटका आलेल्या माणसाला औषधाची वाफ (नेब्युलायझर) दिली जाते आणि तासाभराने पुन्हा पाहिले जाते: तो पूर्ण वाक्य बोलू शकतो का, ऑक्सिजन नळीशिवाय टिकतो का, मानेचे स्नायू ओढले जात आहेत का. हा तास नातेवाईकांना वाया गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात भरतीचा निर्णय याच तासात होत असतो. म्हणून "अजून काही सांगत का नाहीत" असे वाटले तर "पुन्हा कधी तपासणार आणि तेव्हा काय पाहणार" असे विचारावे.

तिसरी पायरी: आजाराच्या नावापेक्षा धोका मोजणे

कॅज्युअल्टीतून बाहेर पडताना कित्येकदा आजाराचे पक्के नाव हाती नसते आणि तरीही निर्णय बरोबर असू शकतो, कारण तिथे आधी जीवघेणी शक्यता शोधायची आणि मग ती बाद करायची असते.

छातीत दुखण्याचे उदाहरण घेऊ. पहिला ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत काढावा असा संकेत आहे. तो नॉर्मल आला म्हणून हृदयविकार नाही असे ठरत नाही. रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, वाढायला काही तास लागतात आणि म्हणूनच तीच तपासणी काही तासांनी पुन्हा केली जाते. एकाच चाचणीचे दोनदा पैसे का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर हे की निदान पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांतल्या फरकात दडलेले असते.

पुष्कळ ठिकाणी 'हार्ट स्कोअर' नावाची मोजणी वापरतात. दुखण्याचे वर्णन, ईसीजी, वय, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात. बेरीज तीनपर्यंत असेल तर धोका कमी मानून लवकरच्या तपासणीची तारीख देऊन घरी पाठवता येते, चार ते सहाला थांबवून घेतात, सात किंवा अधिकला भरती जवळजवळ ठरलेलीच असते. आता ५८ वर्षांचे एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. दुखणे काहीसे संशयास्पद, म्हणजे एक गुण. ईसीजी नॉर्मल, शून्य. वय ४५ ते ६४ मध्ये, एक. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन घटक, मिळून एक. ट्रोपोनिन नॉर्मल, शून्य. बेरीज तीन, म्हणजे घरी जाता येईल. पण हेच गृहस्थ रोज सिगारेट ओढत असतील आणि पत्नीसमोर ते सांगायचे टाळत असतील, तर घटक तीन होतात, त्यांचे गुण दोन होतात आणि बेरीज चारवर जाते. लपवलेली एक सिगारेट माणसाला चुकीच्या गटात नेऊन बसवते. दारू, तंबाखू, स्वतःच्या मनाने बंद केलेल्या गोळ्या, गावठी औषध, यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. सगळ्यांसमोर सांगणे अवघड असेल तर रुग्णाशी एकट्याने बोला अशी विनंती करावी.

डोक्याला मार लागला असेल तर दोन किंवा अधिक उलट्या, घटना न आठवणे, फीट, वाढती गुंगी, पासष्टच्या पुढचे वय किंवा रक्त पातळ करणारे औषध यांपैकी काही असल्यास सीटी स्कॅन आणि निरीक्षण याकडे कल जातो.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडच्या कॅज्युअल्टी त्यानेच भरलेल्या असतात. डेंगीत सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते, परंतु भरतीचा निर्णय एकट्या त्या आकड्यावर होत नाही आणि होऊही नये. धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा, आणि तो काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरू लागल्यावर येतो. घरचे सुस्कारा टाकतात तेव्हाच खरे लक्ष द्यायचे असते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, आणि रिपोर्टात प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) वर जाणे, ही भरतीची कारणे आहेत. पीसीव्ही ३८ वरून ४६ झाला असेल तर ही वाढ वीस टक्क्यांहून जास्त आहे. ती दिसावी म्हणून आधीच्या दिवसांचे सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत. त्यामुळे नव्वद हजार प्लेटलेट असलेला, पोट धरून बसलेला रुग्ण भरती होतो आणि पंचावन्न हजार असून आकडा वर चढू लागलेला, ताप जाऊन दोन दिवस झालेला, जेवणारा रुग्ण घरी जातो, यात कोणताही पक्षपात नाही. गरोदर स्त्री, तान्हे मूल, वृद्ध, मधुमेही आणि एकटा राहणारा माणूस यांना मात्र लक्षणे सौम्य असली तरी थांबवून घेण्याकडे कल असतो.

तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्या माणसाला ताप आला तर ते स्वतःहून सांगावे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) मोठी साथ आली होती. पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे आणि त्यासोबत कावीळ किंवा लघवी कमी होणे दिसले की या तापात भरती टाळता येत नाही.

ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी किंवा शहापूर-मुरबाडच्या शेतात साप चावल्याची शंका असेल तर माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी चोवीस तास रुग्णालयात ठेवतात. मण्यारीच्या चाव्याची खूण कधी दिसतही नाही आणि पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे काही तासांनी सुरू होतात. घोणस किंवा फुरसे असेल तर रक्त काचेच्या कोरड्या परीक्षानळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर विष भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करतात, आणि गोठले तरी ही चाचणी ठरावीक वेळाने पुन्हा करावी लागते.

शुद्धीवर आलेला माणूस आणि उरलेला धोका

एक प्रसंग मला नेहमी आठवतो. ऐंशीच्या घरातले एक आजोबा घामाने भिजलेल्या सदऱ्यात, काही न ओळखता आमच्याकडे आले. बोटातून साखर तपासली तर ३८ होती. शिरेतून पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले, सुनेला नावाने हाक मारली आणि चप्पल कुठे आहे असे विचारले. मुलाने घरी न्यायची तयारी सुरू केली. पिशवीत ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीची पट्टी होती, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन वाढलेले होते आणि आजोबांनी दोन दिवस नीट जेवण घेतले नव्हते. ही गोळी शरीरात दीर्घकाळ काम करत राहते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जास्त वेळ. मी मुलाला सांगितले की आपण आता साखर वर ढकलली आहे, गोळी तिला अजून खाली ओढते आहे. ते थांबले. पहाटे तपासलेली साखर पुन्हा ५२ वर आली होती. घरी असते तर सगळे झोपेत असताना ती उतरली असती. इन्सुलिनमुळे किंवा अशा गोळीमुळे साखर उतरलेल्या माणसाला शुद्ध आली तरी का थांबवतात, याचे कारण एवढेच आहे.

चौथी पायरी: रिपोर्ट बाजूला ठेवून रुग्णाला पाहणे

घरी सोडण्यापूर्वी चांगला डॉक्टर रुग्णाला उठवून चालवतो. खाटेवर झोपून ऑक्सिजन ९६ दिसणारा माणूस कॉरिडॉरमध्ये वीस पावले टाकताच ८९ वर येऊ शकतो. मग निर्णय बदलतो. पाणी पोटात राहते का, लघवी झाली का, गोळीवर वेदना सुसह्य राहते का, उभे राहिल्यावर चक्कर येते का, हेही पाहावे लागते. डॉक्टरांनी हे पाहिले नसेल तर नातेवाईकांनी "जायच्या आधी एकदा चालवून पाहू या का" असे नम्रपणे म्हणावे. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. मला तरी असे म्हणणारे नातेवाईक नेहमीच मदतीचे वाटले आहेत.

पाचवी पायरी: घर कसे आहे

इथे घरच्यांनी बोलले पाहिजे. नवी मुंबईतल्या सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्याला मार लागलेल्या आजींना घरी पाठवणे म्हणजे त्यांना तिथे अडकवून ठेवणे. मुलगा रात्रपाळीला जातो आणि घरी आजोबांसोबत फक्त आजी असतात, त्यांना ऐकू कमी येते. घोडबंदर रोडच्या टोकाला घर आहे आणि संध्याकाळी गाडी तासभर हलत नाही. गाव मुरबाडच्या पुढे आहे आणि रात्री वाहन मिळत नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तर शहापूरपासून रुग्ण येतात; त्यांच्यासाठी "त्रास वाढला तर परत या" ही सूचना पुरेशी नसते. तोच आजार, तेच रिपोर्ट असूनही वाशीत रुग्णालयापासून दोन सेक्टरवर राहणारा माणूस घरी जाऊ शकतो आणि शहापूरच्या पुढच्या खर्डीचा माणूस थांबतो, आणि हे वैद्यकीय दृष्ट्या अगदी योग्य आहे.

उलटही खरे आहे. घरी शिकलेली, जागी राहणारी माणसे असतील तर वृद्धांना शक्य तेव्हा घरीच न्यावे असे माझे मत आहे. अनोळखी वॉर्डात वृद्धांना भ्रम होतो, ते पडतात, रुग्णालयातला जंतुसंसर्ग लागतो. भरती म्हणजे नेहमीच अधिक सुरक्षितता, हा समज बरोबर नाही.

खाट नसेल, किंवा पैशांचा प्रश्न असेल

भरती हवी पण खाट किंवा आयसीयू नाही, असे दोन्ही शहरांत पुष्कळदा होते. अशा वेळी निघण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: पुढच्या रुग्णालयात डॉक्टरांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून खाट ठरवली आहे, दिलेल्या उपचारांची वेळेसह चिठ्ठी हातात आहे, आणि वाटेत ऑक्सिजन व जाणकार माणूस सोबत आहे. नुसते "दुसरीकडे न्या" ऐकून खाजगी गाडीतून रुग्णालये फिरण्यात जो वेळ जातो तो भरून निघत नाही.

विमा असेल तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. बहुतेक पॉलिसींना चोवीस तासांच्या भरतीची अट असते, आणि फक्त तपासण्यांसाठी झालेली भरती विमा कंपन्या नाकारतात. म्हणून "क्लेम होईल, एक दिवस ठेवा" असा आग्रह डॉक्टरांना करू नये, शेवटी ते बिल आपल्याच अंगावर येते. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ते योजनेतल्याच रुग्णालयांत मिळते. काउंटरवरच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी गाठावे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ च्या केंद्रीय योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे कॅशलेस उपचार आहेत.

अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) नोंदवणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. ती नको म्हणून "बाथरूममध्ये पडले" असे सांगितल्यास डॉक्टर चुकीच्या दुखापती शोधत राहतात.

मत जुळले नाही तर

डॉक्टर थांबा म्हणतात आणि आपल्याला न्यायचे आहे, तर ज्या कागदावर सही घेतात त्याला रुग्णालयात 'डामा' (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) म्हणतात. सही करण्यापूर्वी विचारावे: नेले तर सर्वांत वाईट काय होऊ शकते, किती तासांत, आणि त्याचे पहिले लक्षण काय असेल? कारण पैशांचे असेल तर तेही उघड सांगावे, कारण पालिकेच्या रुग्णालयात पाठवण्याचा मार्ग डॉक्टर काढू शकतात. डामा घेतला तरी रिपोर्ट, चिठ्ठी आणि औषधे लिहून मिळण्याचा हक्क जात नाही आणि दोन तासांनी परत येण्याचे दारही बंद होत नाही. असे परत यायला लोक लाजतात आणि उशीर करतात. कृपया लाजू नये.

डॉक्टर घरी न्या म्हणतात आणि आपल्याला भीती वाटते, तर "भरती करून घ्याच" म्हणण्याऐवजी भीतीचे कारण सांगावे: "आई नेहमी बडबडते, आज सकाळपासून गप्प आहे." या एका वाक्यावर मी स्वतः निर्णय फिरवलेला आहे, कारण माणसात झालेला बदल घरच्यांनाच आधी कळतो.

शेवटची पायरी: कार्ड हातात आल्यावर

डिस्चार्ज कार्ड काउंटरवर घडी घालून पिशवीत टाकू नये; तिथेच उभे राहून वाचावे. कोणते जुने औषध थांबवायचे, नवे किती दिवस घ्यायचे, कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे आणि तो कोण कळवणार, पुन्हा कोणाला कधी दाखवायचे, आणि कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता परत यायचे, या पाचही गोष्टी मराठीत लिहून मागाव्यात. पहिल्या रात्री कोण जागणार हे गाडीत बसण्याआधी ठरवावे आणि मोबाइलवर गजर लावून दर तीन-चार तासांनी रुग्णाला हाक मारून, नाव विचारून, श्वास मोजून तो आकडा वेळेसह त्याच कार्डाच्या मागे लिहावा. परत यावे लागलेच तर दारातच ते कार्ड पुढे करावे. त्या मागच्या बाजूवरून नव्या पाळीच्या डॉक्टरांना अर्धे काम झालेले मिळते.